शेडमधली पांढरी धूळ

थॉर्प्सबी, लिंकनशायर
११ मार्च २००६

प्रिय हेदर,

अक्षर ओळखलं असशील. केराच्या टोपलीत टाकण्याआधी एवढं वाच, आईबद्दल आहे.

तुझा पत्ता मी तिच्या शिवणाच्या डब्यातून घेतला, तिला न विचारता. तिनं मला बजावलंय, ‘हेदरला एक अक्षर कळवायचं नाही. टास्मानियात बसून पोर काय करणार? नुसता जीव टांगणीला.’ तेव्हा हे पत्र मी लिहिलंच नाही असं धर.

ख्रिसमसपासून तिला खोकला होता. आम्हाला वाटलं सर्दी मुरलीय. फेब्रुवारीत जिना चढून वर गेली की पलंगाच्या कडेला बसून राहायला लागली. मी खालून हाक मारली, ‘काय करतेस गं?’ की म्हणायची, ‘चादरी मोजतेय.’ घरात चादरी सहा आहेत. शेवटी लिंकनच्या इस्पितळात नेलं. उजव्या फुफ्फुसाभोवती पाणी झालं होतं. सुई घालून दीड लिटर काढलं. बाटली मी पाहिली, फिकट बियरच्या रंगाचं होतं. आता तिला हलकं वाटतंय. एक तुकडा काढून तपासायला दिलाय, तीन आठवडे लागतील.

कळवायचं एवढंच होतं, पण अर्धा कागद कोरा राहिला.

गर्टी अजून आहे. तू म्हणशील, ती असणारच. मागच्या उन्हाळ्यात तिचा गिअरबॉक्स पुन्हा उतरवला. आईचं आणि त्या लष्करी ट्रकचं जन्मसाल एकच, बेचाळीस. आई पाहुण्यांना सांगते, ‘फरक एवढाच, ती बया जुनी झाली की तिला नवा रंग मिळतो.’ सिरिल टॉइन आठवतो ना, रेडिओवाला? बायको गेल्यापासून रविवारी आमच्याकडेच जेवतो. त्यानं डेन्मार्कहून रणगाड्यातला बिनतारी संच मिळवलाय, सगळे व्हॉल्व्ह शाबूत. दोन महिने झटून बोलता केला आणि पहिल्यांदा लागलं काय, तर हॉलंडचं हवामान.

बाकी ठीक.

लेस्ली
(डॅड)


२ एप्रिल २००६

प्रिय हेदर,

उत्तर आलं नाही. येईल असं धरूनही चाललो नव्हतो. तरी निकाल कळवायला हवा.

मेसोथेलिओमा. मी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेतलं. फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग. डॉक्टर तरुण आहे, बोलताना आपल्याच बुटांकडे बघतो. म्हणाला, शस्त्रक्रिया करण्यासारखी नाही, औषधांनी थोडे महिने मिळतील.

आई म्हणाली, ‘थोडे म्हणजे किती, ते नीट सांगा. मला वाटाणे पेरायचेत.’

तो म्हणाला, ‘पेरा.’

‘आणि ब्रसेल्स स्प्राउट्स?’ ते छोटे कोबी डिसेंबरात निघतात. तो पुन्हा बुटांकडे बघायला लागला. आईनं पर्स बंद केली.

हा रोग ॲस्बेस्टॉसनं होतो. त्याचे तंतू श्वासातून आत जातात, तीस-चाळीस वर्षं गप्प राहतात आणि मग उठतात. कुठे संबंध आला होता का, असं त्यांनी विचारलं. आई चौदा वर्षं गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात होती, तुला माहीतच आहे. तिथे बॉयलर होता, जुने पाइप होते. मी तसं सांगितलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं. तिथूनच आलं असणार.

या रुग्णांसाठी तिथे एक वेगळी नर्स असते, फिलिपा नावाची. बाई भली आहे. तिनं विचारलं, ‘त्या वर्षांत घरात आणखी कोण राहत होतं?’ मी म्हटलं, एक मुलगी, पण ती आता फार लांब असते. तिनं पेन खाली ठेवलं. माझ्याही छातीचा फोटो काढला. माझी फुफ्फुसं स्वच्छ आहेत. वयाच्या मानानं उत्तम, म्हणाले.

वाटाणे पेरले. वाफे मी खणले. आई खुर्चीत बसून सांगत होती, सरी वाकडी गेली म्हणून.

गर्टीच्या शेडला कुलूप लावलंय. थंडी फार आहे.

डॅड


३० एप्रिल २००६

प्रिय हेदर,

तू फोन केलास तेव्हा मी परसात होतो. खिडकीतून आई दिसली, फोन दोन्ही हातांनी धरलेला. मी आत गेलो नाही. बादलीत पाणी भरत राहिलो, ती भरून वाहायला लागली तरी.

नंतर तिनं मला धरलंच. ‘चोरा, माझा डबा उचकलास?’

‘उचकला.’

‘चाळीस वर्षं संसार करून तुला माझ्या डब्यातलं बटण सापडत नाही. पत्ता बरा सापडला!’ मग तोंड फिरवून म्हणाली, ‘सुट्टी मिळाली की येते म्हणाली.’ त्या संध्याकाळी तिनं मनुकांच्या पावाचे दोन तुकडे खाल्ले, लोणी लावून.

जिना आता तिला झेपत नाही, पण पलंग खाली आणायला तयार नाही. म्हणते, दिवाणखान्यात फक्त मेलेली माणसं झोपतात. हाक मारायला तिचा श्वास पुरत नाही. म्हणून सिरिलनं त्याच्याकडचे दोन फील्ड टेलिफोन आणले. तुझ्या लहानपणी तो शेडमध्ये मांडून बसायचा तेच, दांडा फिरवून घंटा वाजवायचे. एक तिच्या उशाशी ठेवला, एक स्वयंपाकघरात. मधली तार त्यानं जिन्याच्या कठड्यावरून इतकी नेटकी ओढली की आई म्हणाली, ‘सिरिल, तू आमचं घर उडवून देणार आहेस का?’

पहिली घंटा वाजली. मी कानाला लावला.

‘हॅलो, मुख्यालय?’ आईच.

‘बोला.’

‘चहा. आणि ऐक, तुझ्या या भंगारानं इतक्या वर्षांत मला आज पहिल्यांदा चहा मिळवून दिला.’

बोलताना मध्येच थांबते ती. तेवढ्या वेळात फोनमध्ये तिचा श्वास ऐकू येतो. समोर बसून इतका स्पष्ट ऐकू येत नाही. मी घंटा वाजली की आता फोन न उचलता सरळ वर जातो.

तू तिच्याकडून शाळेची सगळी माहिती लिहून घेतलीस म्हणे. साल, हेडमास्तर, बॉयलर. ते राहू दे, हेदर. आता कुणाच्या मागे लागून काय व्हायचंय?

डॅड


१९ मे २००६

प्रिय हेदर,

तुझं पत्र मिळालं. सोबत कौन्सिलच्या अधिकाऱ्यानं तुला पाठवलेलं उत्तरही. शाळेचं स्वयंपाकघर अठ्ठ्याहत्तरमध्ये नवं बांधलं, आई रुजू झाली त्याच वर्षी. त्यात ॲस्बेस्टॉस कधीच नव्हतं, दोनदा तपासणी झालीय. तू लिहितेस, हा माणूस धादांत खोटं बोलतोय, मी वकील गाठते.

तो खरं बोलतोय. खोटं मी बोललो.

एक खोटं फोडायचंच, तर जुनंही फोडतो, नाहीतर पुढचं लिहिणं जमणार नाही. चौऱ्याण्णव सालच्या जूनमध्ये आम्ही गाड्यांचा ताफा घेऊन नॉर्मंडीला गेलो होतो, लढाईला पन्नास वर्षं झाली म्हणून. तुझा टोबी त्या गुरुवारी जन्मला आणि शनिवारी गेला. मी मंगळवारी पोचलो. निरोप सोमवारी मिळाला, असं मी तुला सांगितलं, तुझ्या आईला सांगितलं, सगळ्यांना सांगितलं. निरोप गुरुवारी संध्याकाळीच मिळाला होता. छावणीतल्या बाईनं चिठ्ठी माझ्या हातात दिली, बाळ नाजूक आहे म्हणून. सोमवारच्या संचलनात गर्टी पहिल्या रांगेत होती. मी स्वतःला सांगितलं की हल्लीचे डॉक्टर अशी मुलं वाचवतात. तू मला दारातच म्हणालीस, ‘जा तुमच्या ट्रककडे.’ निरोप कधी मिळाला ते न कळताही तू बरोबरच बोललीस.

आता हे. आमच्या जुन्या लष्करी गाड्यांच्या क्लबात सगळ्यांचे ब्रेक मीच करायचो. ब्रेकचे नवे लायनर मिळत नसत, म्हणून लष्कराच्या जुन्या मालाच्या लिलावातून आम्ही ॲस्बेस्टॉसचे रोल आणले होते. मी ते कापायचो, चाकावर घासून ड्रमच्या गोलाईला बसवायचो. सायलेन्सरच्या नळ्यांवर ॲस्बेस्टॉसची पांढरी दोरी गुंडाळायचो, जुनी झाली की ओरबाडून काढायचो. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवायचो. शेडमध्ये पीठ सांडल्यासारखं व्हायचं. मग कामाच्या डांगरीसकट तसाच घरात. आई ती मागच्या दारात झटकायची, खिसे उलटे करायची, मग धुवायची. वीस-बावीस वर्षं, दर शनिवारी.

डॉक्टरनं पहिल्यांदा ‘ॲस्बेस्टॉस’ म्हटलं त्याच क्षणी मला कळलं होतं. शाळेचं नाव माझ्या तोंडातून कसं निघालं, मला सांगता येणार नाही. पण निघालं, आणि मी ते परत घेतलं नाही.

आज तुझं पत्र वाचत होतो तेव्हा आई समोरच होती, सिरिलनं धरून खाली आणलं होतं.

‘हेदरचं?’

‘हो.’

‘कळलं वाटतं तिला.’

‘काय कळलं?’

‘लेस, मला खुळी समजतोस? ती डांगरी कोण झटकत होतं? राणी?’

मी विचारलं, ‘मग त्या दिवशी डॉक्टरसमोर बोलली का नाहीस?’

‘तुझं तोंड बघितलं म्हणून. बोलले असते तर तिथंच कोसळला असतास. मग तुला गाडीत कुणी घातलं असतं? मला तर पिशवी उचलवत नाही.’

सिरिल उठला आणि विनाकारण किटली भरायला लागला.

तुला जे म्हणायचं असेल ते म्हण. पण आईला फोन करत राहा.

लेस्ली


२० मे २००६

हेदर,

कालच्या पत्रात अर्धंच लिहिलं. पेटीत टाकलं आणि तिथेच उभा राहिलो. साडेचारला पोस्टमन आला. मी म्हटलं, त्यात माझं एक पत्र आहे, परत दे, राहिलंय काही. तो म्हणाला, ‘मिस्टर ब्रॅकनबरी, पेटीत पडलं की ते राणीचं.’ म्हणून हे दुसरं.

तू नऊ वर्षांची होतीस. शनिवारी सकाळी माझ्या आधी शेडमध्ये जाऊन बसायचीस. आईनं माझी एक जुनी डांगरी कापून तुझ्या मापाची शिवली होती, खिशासकट. मी लायनर घासायचो आणि तू रंगाच्या ब्रशनं बाकावरची धूळ गोळा करायचीस. उरलेली फुंकून टाकायचीस. तुझ्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. आई दारातून ओरडायची, ‘लेस, त्या पोरीला आत्ताच म्हातारी करून ठेवलीस!’ आणि आपण दोघं हसायचो. असं तीन वर्षं तरी चाललं. मग तुला घोड्यांचा नाद लागला. मला तेव्हा वाईट वाटलं होतं.

फिलिपानं घरात कोण होतं विचारलं तेव्हा मला हे आठवत होतं. मी म्हटलं, मुलगी लांब असते.

तपासून घे. तिथल्या डॉक्टरला सगळं सांग, शेड, लायनर, दोरी, वर्षं. माझं नाव सांग. मी फिलिपाला विचारलं, सापडलं तर काय करतात? ती म्हणाली, ‘लक्ष ठेवतात.’ मी म्हटलं, म्हणजे काय करतात? ती म्हणाली, ‘लक्ष ठेवतात, मिस्टर ब्रॅकनबरी.’

लेस्ली


८ जुलै २००६

हेदर,

तू वरच्या खोलीत आहेस आणि मी खाली बसून तुला पत्र लिहितोय. दाराखालून सरकवीन. तुला येऊन तीन आठवडे झाले, आपण औषधांखेरीज काही बोललेलो नाही. ‘चारची गोळी दिली का?’ ‘दिली.’ ‘उशी वर घ्या.’ ‘घेतली.’ तू तिचं सगळं करतेस. मी दारात उभा राहतो, मग तुझ्या वाटेत येतो म्हणून बाजूला होतो. काल तू मला हातात टॉवेल देऊन बाहेर पाठवलंस. तो ओला होता की कोरडा, म्हणजे वाळत घालायचा की घडी करायची, हे मला विचारवलं नाही.

गेल्या महिन्यात मी क्लबाच्या सेक्रेटरीला सांगितलं होतं, गर्टी भंगारात काढतो, तोडून टाकतो. आईला ते सिरिलकडून समजलं. तिनं घंटा वाजवली. वर गेलो तर म्हणाली, ‘ती बया मोडलीस म्हणून मी काय इथे राहणार आहे?’ दम घेतला. ‘तिनं काय केलं? ती बिचारी उभी होती.’ मग बराच वेळ डोळे मिटून होती. मला वाटलं झोपली. म्हणाली, ‘आणि क्लबवाल्यांना सांगून ठेव. त्या ट्रकवरून मला न्यायचं त्यांच्या डोक्यात असेल, झेंडा-बिंडा लावून. खबरदार. जिवंतपणी दोनदा बसले तिच्यात, दोन्ही वेळा ढकलायला उतरावं लागलं.’

मी हसलो. तीही हसायला गेली आणि खोकल्यानं तिला धरलं. मी पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. हात ठेवायचा तर दाबून की हळू, तेही मला माहीत नाही. तू आलीस आणि तिला पुढे झुकवलंस, तेव्हा तिचा श्वास लागला.

तू तपासून घेतलंस का, हे मी अजून विचारलेलं नाही. परवा जेवताना विचारणार होतो. तू मीठ मागितलंस.

दारावर टकटक करू नकोस, उत्तर दे असंही नाही. खाली सूप आहे. सिरिलनं आणलंय, खाण्यासारखं आहे.

डॅड


२४ नोव्हेंबर २००६

प्रिय हेदर,

काल कॉरोनरची सुनावणी झाली. या रोगानं माणूस गेलं की मृत्यूच्या कारणाची सरकारी चौकशी होतेच. तू परत जाताना म्हणाली होतीस, काय झालं ते शब्द न् शब्द लिहा. लिहितो.

बॉस्टन रस्त्यावर टाउन हॉलच्या वरच्या मजल्यावर खोली आहे. आम्ही पाच माणसं. कॉरोनर बाई आहेत, चष्मा साखळीला अडकवलेला. त्यांनी आईचं पूर्ण नाव वाचलं, डोरीन मे ब्रॅकनबरी, जन्म, मृत्यू दोन ऑगस्ट, राहत्या घरी. डॉक्टरचा अहवाल वाचला. मग मला उभं केलं.

शेडमध्ये काय काय करत होतात, ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं. आवाज चढवून नाही, पुस्तकातला धडा विचारावा तसं त्या विचारत होत्या.

‘कपडे कोण धूत असे?’

‘माझी बायको.’

‘या वस्तूचा धोका तुम्हाला कधी कळला?’

मी म्हटलं, ‘शहाऐंशीत.’

हे तुला माहीत नाही. आईलाही नव्हतं. सिरिलनं तिथेच मान वर करून माझ्याकडे पाहिलं. शहाऐंशी साली क्लबाच्या मासिकात एक चौकट आली होती, लायनर घासताना तोंडावर मास्क लावा म्हणून. मी त्याच आठवड्यात मास्क विकत आणला. चांगला, दोन गाळण्यांचा. पुढे सहा वर्षं तो लावूनच काम केलं.

‘आणि डांगरी?’

‘डांगरी बायकोकडे देत होतो.’

‘मास्क का आणला, हे तिला सांगितलंत?’

‘तिनं विचारलं होतं. मी म्हटलं, वास येतो.’

बाईंनी चष्मा उतरवला. मग विचारलं, ‘तुमच्या लक्षात आलं नाही?’

मी खूप विचार केला. खरं तेच सांगायचं असं ठरवून गेलो होतो. लक्षात आलं आणि मी दडपलं, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं, निदान त्यात एक माणूस तरी दिसतो. पण लक्षातच आलं नव्हतं. माझ्या तोंडावर मास्क होता, आणि मागच्या दारात ती डांगरी झटकत होती, आणि मला दोन्ही दिसत होतं.

‘नाही,’ म्हटलं.

निकाल असा दिला, घरात आलेल्या ॲस्बेस्टॉसच्या संपर्कातून मृत्यू. दोष कुणाचा हे ठरवणं आमचं काम नाही, म्हणाल्या. ‘तुम्ही बसू शकता.’ बसलो. पंचवीस मिनिटांत सगळं आटोपलं. मला वाटलं होतं दिवस लागेल.

येताना गाडीत सिरिल शेजारी होता. गाव आलं तसा म्हणाला, ‘शहाऐंशीतला तो अंक माझ्याकडेही आला होता, लेस. मी फक्त रेडिओची पानं वाचतो.’

संध्याकाळी क्लबाची बैठक होती. मी गेलो. दोन वर्षांपूर्वीपर्यंत अध्यक्ष होतो, त्यामुळे बोलू दिलं. म्हटलं, तुमच्या शेडमध्ये जुने लायनर असतील, दोरी असेल, तर हात लावू नका, कौन्सिलला बोलवा. कपडे घरात नेऊ नका. डोरीन त्यानंच गेली. सगळे चहाच्या कपात बघत होते. म्हातारा हॅरॉल्ड मागून म्हणाला, ‘चाळीस वर्षं करतोय लेस, आम्हाला कुठे काय झालं?’ मी म्हटलं, ‘मलाही नाही झालं.’

बायका नेहमीप्रमाणे भिंतीशी केक मांडून उभ्या होत्या. हॅरॉल्डची व्हेरा तुला आठवत असेल, ती तुला घोड्यावर बसवायची. ती सुरी हातात धरून तशीच उभी राहिली. तिनं हॅरॉल्डचे कपडे किती वर्षं धुतले असतील? केक कापून झाला नव्हता, तो तिनं पुन्हा डब्यात ठेवला.

शेड कौन्सिलच्या लोकांनी बंद केलीय. पांढरे पोशाख घालून चार माणसं आली होती, गर्टीला पारदर्शक प्लास्टिकमध्ये गुंडाळून गेली. विकता येत नाही, मोडता येत नाही, हलवता येत नाही. वर्षभरात कधीतरी येऊ म्हणाले.

तुला हे सगळं लिहिल्यावर तू पुन्हा लिहिणं थांबवलंस तर मी समजेन.

डॅड


२० फेब्रुवारी २००७

प्रिय हेदर,

पत्र मिळालं. उभ्याउभ्याच वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं.

डाव्या बाजूला दोन ठिकाणी आवरण जाड झालंय, आणि त्याला रोग म्हणत नाहीत, एवढं मला समजलं. पत्र घेऊन फिलिपाकडे गेलो, अपॉइंटमेंट नव्हती तरी तिनं बसवून घेतलं. ती म्हणाली, ही नुसती खूण आहे, तंतू आत गेल्याची. कित्येक जणांना पुढे जन्मभर काही होत नाही. मी विचारलं, आणि कित्येकांना होतं? ती म्हणाली, काहींना होतं. कुणाला होईल हे सांगता येतं का? नाही. काही औषध? नाही. खाण्यापिण्याचं काही पथ्य? ती हसली, म्हणजे वाईट अर्थानं नाही. म्हणाली, ‘तिला सिगारेट ओढू देऊ नका.’ तू ओढत नाहीस. म्हणजे तेवढंही करायला उरलं नाही.

चाळीसची आहेस तू. आईचं चौसष्टाव्या वर्षी उठलं. मी ही वजाबाकी करत बसतो. मी काही चोवीस वर्षं असणार नाही, हे कळून सुटल्यासारखं वाटलं, आणि मग त्याची लाज वाटली.

तू लिहिलंयस, ‘मला राग आहे, पण तो सगळा वेळ नसतो, आणि नसतो तेव्हा काय करावं कळत नाही.’ सिरिलला वाचून दाखवलं. तो म्हणाला, यावर उत्तर लिहू नकोस, चुकशील.

तर ते सोडून दुसरं सांगतो. सहा महिन्यांची फेरतपासणी पंधरा मार्चला आहे असं तू लिहिलंस. मी तिकीट काढलंय. विमानात मी कधी बसलो नाही, तुला माहीत आहे. सिरिलची भाची ट्रॅव्हल कंपनीत आहे, तिनं सगळं करून दिलं. लंडन, सिंगापूर, मेलबर्न, होबार्ट. पासपोर्टचा फोटो बघून भाची म्हणाली, ‘मिस्टर ब्रॅकनबरी, तुम्हाला अटक झाल्यासारखे दिसताय.’

मी येऊन काही होणार नाही, हे मला समजतं. फोटो यंत्र काढणार, वाचणार डॉक्टर, आणि जे असेल ते असेल. मी बाहेर बाकावर बसेन. तू आत नको म्हणालीस तर इस्पितळाच्या फाटकाबाहेर बसेन, आणि तुझ्या घरी जागा नसेल तर बंदराजवळ खोल्या मिळतात, सिरिलच्या भाचीनं शोधून ठेवल्यात. बोलायला लागू नये असं वाटलं तर बोलू नकोस. तुला नकोच असेन तर तसं कळव, मी रद्द करीन आणि त्याबद्दल पुन्हा लिहिणार नाही.

नाही कळवलंस तर, मंगळवार तेरा तारीख, दुपारी दोन दहाला विमान उतरतं. घ्यायला येऊ नकोस, तिथून बस असते, भाची म्हणाली.

डॅड